चाकांवरील घरांतील गॅसची तांब्याची नळी

महाराष्ट्र शासनानें इ. स. २०२० मध्यें कृषि पर्यटनाचें व इ. स. २०२१ मध्यें कॅरव्हॅन पर्यटनाचें धोरण स्वीकारिलें. शेतावर पाहुणे उतरवावे, त्यांस तोरणमाळ दाखवावें, व त्यासाठीं गाडीमागें ओढावयाचें, चूल-बिछान्यासह एक चाकांवरील घर बांधून घ्यावें, असा विचार आमच्या कांहीं सभासद बंधूंच्या मनांत घोळत आहे. विचार चांगला आहे; परंतु त्या घरांतील गॅसची नळी ही बाब दुसऱ्याच्या भरंवशावर सोडण्याजोगी नाहीं.

दत्तजयंतीच्या यात्रेस सारंगखेड्यास आम्ही एका आप्ताच्या अशाच घरांत मुक्कामास होतों. पहाटेची थंडी, दारें-खिडक्या बंद. आम्ही वरच्या फळीवर होतों. आम्हांस कांहींच कळलें नाहीं. खालीं निजलेला नातू मात्र उठून म्हणाला, "आजोबा, घाण वास येतो." तेवढ्यांत सूनबाई चहासाठीं काडी ओढणार, तोंच आम्ही ओरडून तिला थांबविलें. मागाहून पाहतां सांधे सर्व घट्ट होते. पण नळी जेथून लोखंडी तळांतून वर आली होती, तेथें भोंकाच्या धारेवर घांसून घांसून तीस केसाएवढी चीर पडली होती. आम्ही महसुलाचे जुने कारकून. यंत्रांतलें आम्हांस काय कळणार! परंतु सातबाऱ्यावरील एका चुकीच्या आंकड्यापासून किती कज्जे उभे राहतात, हें आम्ही जन्मभर पाहिलें आहे. सबब हा विषय जाणत्या कारागिरांकडून समजून घेऊन येथें मांडितों.

प्रथम गॅसचा स्वभाव पाहूं. आपल्याकडील सिलिंडरांत प्रोपेन व ब्युटेन यांचें मिश्रण द्रवरूपानें भरलेलें असतें. एक भाग द्रवाचा सुमारें २५० भाग वायु होतो. हा वायु हवेहून जड असल्यामुळें बांधावरून फुटलेल्या पाण्याप्रमाणें सखल जागीं जाऊन सांचतो. म्हणूनच वास आधीं नातवास आला. हवेच्या शंभर भागांत याचे सुमारें दोन भाग झाले कीं ठिणगीनें भडका होऊं शकतो. याकरितां सिलिंडर निजण्याच्या खोलींत न ठेवतां बाहेरून उघडणाऱ्या निराळ्या कप्प्यांत, उभा व पट्ट्यानें बांधून ठेवावा. आडवा पडल्यास वायूऐवजीं द्रव नळींत शिरतो. कप्प्याच्या तळाशीं वायु निघून जाण्यास भोंकें असावीं. घरगुती सिलिंडर धंद्यासाठीं वापरण्यास कायद्यानें मनाई आहे. पाहुण्यांसाठीं घर असल्यास व्यापारी सिलिंडर घ्यावा व काम वितरकास विचारून जाणत्या कारागिराकडूनच करवावें. हा लेख आपणांस देखरेख करतां यावी, एवढ्यासाठींच आहे.

नळी नरम तांब्याची, वेटोळ्यांत मिळणारी, नवी व बिनडागाची घ्यावी. हातानें एकाएकीं वांकविल्यास ती चपटते व वायूची वाट अरुंद होते. म्हणून आंतून किंवा बाहेरून स्प्रिंग घालून अथवा बेंडरनें, हळूहळू व एकाच दमांत वळण द्यावें. स्प्रिंगनें वळवितांना वळणाची त्रिज्या नळीच्या व्यासाच्या निदान पांच-सहापट ठेवावी. एकदां दिलेलें वळण उलट फिरवूं नये. वारंवार वांकविल्यानें तांबें कठीण होऊन तडकतें. चुरगळलेला तुकडा सरळ न करतां टाकूनच द्यावा.

नळी करवतीनें न कापतां कटरनें कापावी व आंतील धार खरवडून कीस झटकून टाकावा. मग नट आधीं नळींत ओवावा. हें विसरल्यास सर्व काम पुन्हां करावें लागतें. नंतर तोंड फ्लेअरिंगच्या हत्यारानें ४५ अंशांत फुलवावें. शीतकपाटें दुरुस्त करणाऱ्या कारागिराजवळ हें हत्यार असतें. फुललेलें तोंड गुळगुळीत व बिनचिरेचें हवें. या सांध्यास सुतळी किंवा पांढरी फीत लागत नाहीं. धातूवर धातू बसूनच तो बंद होतो. कथलाचा डाग कदापि देऊं नये. तो आंचेनें लवकर वितळतो.

नळी जेथें तळांतून किंवा पत्र्यांतून जाते, तेथें रबराची कडी अवश्य बसवावी. थोड्याथोड्या अंतरावर रबर लावलेल्या क्लॅम्पनें ती बांधावी, म्हणजे रस्त्याच्या हादऱ्यांनीं हलणार नाहीं. चाकें, तापलेला धूरनळ व विजेच्या तारा यांपासून ती दूर असावी. रेग्युलेटर व तांब्याची नळी यांमध्यें प्रमाणित रबरी नळीचा तुकडा ठेवावा व तो पांच वर्षांच्या आंत बदलावा.

काम पुरें झाल्यावर शेगडीची कळ बंद ठेवून सिलिंडर उघडावा व प्रत्येक सांध्यास साबणाचा फेस लावावा. बुडबुडा आल्यास गळती समजावी. काडी लावून परीक्षा कोणीही करूं नये. लांबच्या प्रवासानंतर ही परीक्षा पुन्हां करावी, व गाडी चालू असतां सिलिंडर बंदच ठेवावा.

वास आल्यास विजेचें बटण लावूं किंवा विझवूं नये. सिलिंडर बंद करावा, दारें उघडावीं, सर्वांनीं बाहेर पडावें व दूर जाऊन १९०६ या क्रमांकावर कळवावें.

आमच्या आप्तानें ती नळी काढून टाकिली व नवी बसविली. त्यास खर्च आला तो रबराच्या एका कडीहून पुष्कळच अधिक. तरी तो दाम देऊन सुटला, हेंच आम्ही भाग्य समजतों.