दान बुटांचं, पण माप पावलाचं

जून उजाडला की घरोघरी एक प्रसंग ठरलेलाच. गेल्या वर्षीचे शाळेचे बूट काढावेत, तर चिरंजीवांची टाचच आत शिरत नाही! मग नवे बूट येतात आणि जुने, अजून चांगले असलेले, पलंगाखाली धूळ खात पडतात.

गरजू मुलांना पादत्राणं पुरवणारी एखादी संस्था किंवा मंडळ तुमच्या गावात असेल, तर हे बूट तिथे जरूर द्या. पण खरं सांगायचं, तर तिथे बुटांपेक्षा अडून असतं ते तुमच्या-आमच्या हातांवाचून आणि नजरेवाचून.

अनवाणी पायाला काटा-काच लागते, हे आपल्याला ठाऊक असतं. पण शौचानं दूषित झालेल्या ओल्या मातीतून अंकुशकृमी नावाचा जंत तळपायाच्या कातडीवाटे शरीरात शिरतो. आतड्यात राहून तो रक्त शोषतो आणि मूल फिकट, मलूल होत जातं. शाळा-अंगणवाड्यांतून जंताची गोळी देण्याची राष्ट्रीय मोहीम २०१५ साली सुरू झाली. पण पाय उघडाच राहिला, तर जंत पुन्हा होऊ शकतो.

महाराष्ट्र सरकारनेही २०२३ साली शाळेतल्या मुलांना एक जोडी बूट आणि दोन जोडी मोजे द्यायचं ठरवलं; मुलामागे १७० रुपये धरले. तरीही ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर आईबापांबरोबर फिरणारी मुलं आणि त्यांची शाळेत न जाणारी धाकटी भावंडं सहज सुटून जातात. आपलं काम तिथे आहे.

भिशीतल्या चौघीजणी मिळूनसुद्धा हे काम होतं. आधी मापं घ्या. वहीचा कागद जमिनीवर ठेवून त्यावर मुलाला उभं करा. बसवून घेतलेलं माप कमी भरतं. पेन्सिल सरळ धरून पावलाभोवती रेघ ओढा. दोन्ही पायांची मापं घ्या, कारण थोडा फरक असतोच; मोठं असेल ते धरा. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा सोडा. मुलांचं पाऊल भराभर वाढतं, म्हणून गेल्या वर्षीची यादी बाद!

जमलेले बूट पुसून, आत वर्तमानपत्राचे बोळे भरून सावलीत वाळवा. कडक उन्हात चिकटवलेला तळ सुटतो. जोडीच्या नाड्या एकमेकींत बांधा, म्हणजे एक पाय हरवत नाही. फाटके बूट कुणाला देऊ नका. त्यांचाही उपयोग होतो बरं का! रमेश धामी आणि श्रियांस भंडारी या दोघा धावपटूंनी सुरू केलेल्या ‘ग्रीनसोल’ने टाकाऊ बुटांच्या तळांपासून चपला करून हजारो शाळकरी मुलांना दिल्या.

पावसाळ्यात मात्र कापडी बूट नकोत. ते दिवसभर ओले राहतात आणि बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. त्यापेक्षा पट्ट्याचे प्लास्टिकचे सँडल बरे.

आता सर्वांत नाजूक गोष्ट. ‘बसले का रे?’ म्हणून विचारलंत, तर मूल हमखास ‘हो’ म्हणतं. घट्ट आहेत म्हटलं आणि काढून घेतले तर, ही धास्ती असते हो! म्हणून उत्तरावर जाऊ नका. पुढून अंगठ्यानं दाबून बघा, दहा पावलं चालायला लावा, टाच वर निघते का पाहा. ‘हे नाही बसले तर दुसरे मिळतील,’ हे आधीच सांगून टाका. शक्य असेल तर दोन रंगांतून निवडू द्या. आणि मुलांना रांगेत उभं करून फोटो काढायचा मोह तेवढा टाळा.

महिन्याभरानं पुन्हा एक फेरी मारा. बूट कोरे करकरीत पेटीत ठेवलेले दिसले, तर कुठे चावतात ते विचारा आणि बदलून द्या. चिखलानं माखलेले, टाचेशी झिजलेले दिसले, तर खुशाल समाधान माना. तुमचं माप बरोबर आलं!