खोक्यावर न छापलेली माहिती

घरात नवा मोबाइल फोन आला की त्याचे खोके सहसा कोणी टाकून देत नाही. ते कपाटावर जपून ठेवलेले असते. ते खाली काढा आणि त्यावरची बारीक अक्षरे वाचा. किंमत, उत्पादनाचा महिना, भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह अशी बरीच माहिती सापडेल. ‘एसएआर’ नावाचा एक आकडाही बहुधा दिसेल. फोनमधून निघणाऱ्या लहरींची किती ऊर्जा आपल्या शरीरात शोषली जाते, ते हा आकडा सांगतो. भारतात २०१२ सालापासून त्याची मर्यादा शरीराच्या दर किलोग्रॅमला १.६ वॅट अशी ठरलेली आहे.

ही सारी काळजी कोणाची? फोन वापरणाऱ्याची. पण तुमच्या हातात पडण्याआधी तो फोन कितीतरी कामगारांच्या हातांतून गेलेला असतो. त्या हातांची काळजी घेतली गेली का, हे मात्र खोक्यावर कोठेच लिहिलेले नसते. ते शोधायचे असेल तर थोडे विज्ञान जाणून घ्यावे लागेल.

पैठण रस्त्यावरचा कारखाना

सुरुवात आपल्या छत्रपती संभाजीनगरपासूनच करू. १९८२ साली भारतात रंगीत दूरचित्रवाणी सुरू झाली आणि रंगीत संचांना एकाएकी मोठी मागणी आली. त्याच दशकात नंदलाल धूत यांनी उभ्या केलेल्या व्हिडिओकॉन उद्योगाने जपानच्या तोशिबा कंपनीचे तंत्रज्ञान घेऊन रंगीत संच बनवायला सुरुवात केली. औरंगाबादहून पैठणला जाताना लागणाऱ्या चितेगावचे नाव या कारखान्यामुळे सर्वत्र झाले. मराठवाड्यासारख्या दुष्काळी भागात अनेक घरांत महिन्याचा पगार येऊ लागला, ही गोष्ट लहान नव्हती.

त्या काळच्या संचात काचेची मोठी चित्रनलिका असे. तिच्यात इलेक्ट्रॉनांना सुमारे २५ हजार व्होल्टचा रेटा देऊन पडद्यावर आदळवीत. वेगाने जाणारा इलेक्ट्रॉन असा अचानक थांबला की क्ष-किरण निर्माण होतात. ते बाहेर पडून प्रेक्षकांना अपाय करू नयेत म्हणून नलिकेच्या मागच्या भागाच्या काचेत भरपूर शिसे मिसळीत. पडद्याच्या काचेत शिशाऐवजी बेरियम आणि स्ट्रॉन्शियम ही मूलद्रव्ये वापरीत, कारण शिशाने पडदा काळपट पडण्याचा धोका असे.

म्हणजे संच घरात असेपर्यंत शिसे तुमचा पहारेकरी होते. पण ती काच ओतणाऱ्याला आणि पुढे संच भंगारात गेल्यावर नलिका फोडणाऱ्याला हेच शिसे धुळीच्या रूपाने भेटते. शरीरात शिरलेले शिसे कॅल्शियमची जागा घेते, हाडांत साठते, रक्त बनण्याच्या क्रियेत बिघाड करते आणि मेंदूलाही इजा करते. प्रेक्षकाला वाचविणारी वस्तू कामगाराला घातक ठरू शकते, ती अशी.

डाखाचा धूर

आता संचाच्या आत पाहू. हिरव्या पट्टीवर शेकडो सुटे भाग डाख देऊन जोडलेले असतात. याच कामाला कारखान्यात सोल्डरिंग म्हणतात. जुन्या डाखात ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसे असे. हा मिश्रधातू १८३ अंश सेल्सिअसला वितळतो.

डाख देताना जो पांढरा धूर निघतो तो शिशाचा असावा, असे तुम्हांला वाटेल. तसे नाही. एवढ्या तापमानाला शिशाची वाफ जवळजवळ होतच नाही. तो धूर डाखाबरोबर वापरलेल्या राळेचा असतो. रोज आठ-आठ तास हा धूर नाकात गेला तर दमा जडू शकतो. शिसे मात्र दुसऱ्याच वाटेने जाते. ते बोटांना लागते आणि हात न धुता डबा उघडला की पोळीबरोबर पोटात जाते. म्हणून धूर ओढून घेणारा पंखा आणि हात धुण्यासाठी साबण-पाणी, या दोन साध्या सोयींवर कामगाराचे आरोग्य अवलंबून असते.

युरोपीय देशांनी १ जुलै २००६ पासून विद्युत उपकरणांतील शिशावर कडक मर्यादा घातली. भारतातही २०११ च्या ई-कचरा नियमांत तशी तरतूद झाली. आज बहुतेक फोनमध्ये कथील, चांदी व तांबे यांचा डाख असतो. मग प्रश्न सुटला का? नाही. असे नियम तयार वस्तूत काय उरले ते तपासतात. कारखान्यात वापरले पण वस्तूत उरलेच नाही, त्याचे काय?

न उरणारे विष

चीनमधील सुझौ शहरात विन्टेक या तैवानी कंपनीचा कारखाना होता. तेथे ॲपल कंपनीच्या फोनचे स्पर्शपडदे तयार होत. पडदे पुसण्यासाठी तेथे अल्कोहोलऐवजी हेक्झेन वापरू लागले. कारण सोपे होते. अल्कोहोल ७८ अंशांना उकळते, हेक्झेन ६९ अंशांना. हेक्झेन लवकर उडते, डाग ठेवत नाही आणि तासाला अधिक पडदे पुसून होतात.

पण लवकर उडते म्हणजे जाते कोठे? खोलीच्या हवेत, आणि तेथून कामगाराच्या फुप्फुसात. पुढे यकृतात त्यापासून दुसरे एक रसायन बनते. ते मज्जातंतूंमधील प्रथिनांच्या धाग्यांना चिकटते. सर्वांत लांब मज्जातंतूंना त्याची झळ आधी लागते. म्हणून प्रथम पाय बधिर होतात, मग हात. पुढे चालणेही कठीण होते. २००९ साली या कारखान्यात असेच घडले. तेथील १३७ कामगारांना हेक्झेनची बाधा झाल्याचे ॲपलने २०११ मध्ये मान्य केले. तेथे हवा खेळती ठेवण्याची पुरेशी व्यवस्था नव्हती. आपल्या फोनच्या अंतिम जुळणीत हेक्झेन वापरण्यास ॲपलने २०१४ मध्ये बंदी केली.

लक्षात घ्या, ते पडदे कोणत्याही प्रयोगशाळेत तपासले असते तरी त्यांत दोष निघाला नसता. ग्राहकाच्या दृष्टीने ते निर्मळ होते.

करून पाहा

शिक्षकांच्या देखरेखीखाली हा प्रयोग करा. जवळपास ज्योत नको. काचेच्या एका पट्टीवर पाण्याचा एक थेंब आणि दुसऱ्या पट्टीवर सर्जिकल स्पिरिटचा एक थेंब ठेवा. प्रत्येक थेंब वाळायला किती वेळ लागतो ते घड्याळाने मोजा. खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या मित्राला स्पिरिटचा वास किती वेळाने येतो तेही नोंदवा. आता खिडक्या उघडून पुन्हा तेच करा. लवकर वाळणारा द्रव लवकर हवेत मिसळतो आणि उघडी खिडकी किती उपयोगाची असते, हे कळेल.

मग विकतच घेऊ नये काय?

असा प्रश्न तुमच्या मनात येईल. त्याचे उत्तर पुन्हा चितेगावकडे आहे. चित्रनलिकेचे दिवस संपले, व्यवसायावर कर्जाचा डोंगर झाला आणि २०१८ साली व्हिडिओकॉनचे प्रकरण दिवाळखोरी कायद्याखाली न्यायाधिकरणापुढे गेले. कारखाना थंडावला आणि त्यावर जगणाऱ्या घरांपुढे पोटाचा प्रश्न उभा राहिला. काम जाणे ही देखील इजाच आहे. कामगाराला काम हवे असते. ते सुरक्षित हवे आणि त्याचा पगार वेळेवर हवा.

विचारणा झाली की फरक पडतो. १२ डिसेंबर २०२० रोजी कर्नाटकातील नरसापूर येथे विस्ट्रॉन कंपनीच्या कारखान्यात पगाराच्या प्रश्नावरून कामगारांचा उद्रेक झाला आणि मोठी मोडतोड झाली. मोडतोडीचे समर्थन कोणी करणार नाही. पण त्यानंतर काही कामगारांना पगार योग्य प्रकारे व वेळेवर मिळाले नव्हते, हे कंपनीला कबूल करावे लागले. ॲपलनेही सुधारणा होईपर्यंत नवे काम देणे थांबविले. एवढी पाळी येण्याआधीच ग्राहकांनी हा प्रश्न विचारला असता तर?

कायद्यानेही असे प्रश्न विचारलेले आहेत. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने कामाचे आठवड्याचे तास ४८ पर्यंत मर्यादित केले. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर १९८७ साली त्यात दुरुस्ती झाली आणि धोकादायक रसायनांची माहिती कामगारांना देणे कारखान्यांवर बंधनकारक झाले. पण कायदा कागदावरून कारखान्यात उतरतो तो कोणीतरी विचारल्यावरच.

तुम्ही दोन गोष्टी करू शकता. चालू असलेला फोन दुरुस्त करून आणखी दोन वर्षे वापरा आणि निकामी झाला की नोंदणीकृत संकलन केंद्रातच द्या. दुसरी गोष्ट शाळेने करायची. चिकलठाणा, वाळूज किंवा शेंद्रा येथील कारखान्याला शैक्षणिक भेट देण्याचे ठरेल, तेव्हा यंत्रांच्या वेगाबरोबर आणखी चार प्रश्न वहीत लिहून न्या : येथे कोणती रसायने वापरतात? त्यांची वाफ किंवा धूर कोणत्या मार्गाने बाहेर जातो? जेवणाआधी हात धुण्याची सोय कोठे आहे? जादा कामाचा मोबदला कसा मोजतात? प्रश्न नम्रपणे विचारा, मिळालेली उत्तरे तेथेच टिपून घ्या आणि परतल्यावर वर्गात मोठ्याने वाचा.