गावची स्पर्धा, कुवतीचे गट

भातकापणी आटोपली की वसई तालुक्यातल्या चांदीपसारख्या गावांत मोकळ्या शेतावर रोलर फिरतो, चुन्याच्या रेषा पडतात आणि टेनिस क्रिकेटचा हंगाम सुरू होतो. मंडप, समालोचन, चषकांची रांग, मोबाइलवर थेट प्रक्षेपण, कशाचीच उणीव नसते. उणीव असते ती खेळायला मिळण्याची. बहुतेक स्पर्धा बाद पद्धतीच्या. ३२ संघ उतरले तर १६ संघ एकच सामना खेळून घरी जातात. सामना सहा षटकांचा असेल तर त्या १६ संघांतल्या कित्येकांच्या हातात बॅटसुद्धा येत नाही. प्रवेश फी मात्र सर्वांची सारखीच, म्हणजे दुबळ्या संघांच्या पैशावर बलाढ्य संघांचं बक्षीस उभं राहतं. ‘एक गाव एक संघ’ या नियमाने, आधार कार्ड तपासून, बाहेरचे खेळाडू थांबले, हे चांगलंच झालं. पण कुणाचा गाव कोणता हे आधार कार्डावरून कळतं, खेळ किती येतो हे कळत नाही. स्थानिक स्पर्धा टिकवायची असेल तर संघांची विभागणी कुवतीनुसार झाली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

हे काही परक्या मुलखातलं खूळ नाही. मुंबईत १९४८ पासून भर पावसाळ्यात चालणाऱ्या कांगा लीगमध्ये ‘ए’ ते ‘जी’ असे सात गट आहेत. वरचे संघ पुढच्या वर्षी वरच्या गटात चढतात, तळाचे खाली येतात. त्यामुळे ‘जी’ गटातल्या संघालाही शेवटच्या सामन्यापर्यंत जिंकण्याचं कारण असतं. अमेरिकेत रुजलेल्या डिस्क गोल्फमध्ये, म्हणजे तबकडी साखळ्यांच्या टोपलीत फेकण्याच्या खेळात, हा विचार एकेका खेळाडूपर्यंत नेला आहे. आधीच्या फेऱ्यांवरून प्रत्येकाचं मानांकन ठरतं आणि त्यावरून गट. खालच्या गटातल्याला वर खेळता येतं, वरच्याला खाली उतरून सोपं बक्षीस उचलता येत नाही. एवढा एक नियम आपण उचलला तरी पुष्कळ काम होईल.

आयोजकांची पहिली हरकत वेळेची असते. हिशेब करून पाहू. बारा संघांच्या बाद स्पर्धेत ११ सामने होतात. त्याच बारांचे चार-चारचे तीन गट केले तर साखळीचे १८ आणि तीन अंतिम, असे २१. दिवसाला सात धरले तर तीन रविवार. दहा सामने वाढले, पण प्रत्येक संघाला किमान तीन मिळाले. दुसरी हरकत अशी की गर्दी नामवंत खेळाडूंसाठी येते आणि प्रायोजक गर्दीसाठी. ते खरं आहे, म्हणून ‘अ’ गटाची अंतिम लढत शेवटच्या संध्याकाळी ठेवावी. शिवाय नामवंतांना आता इतर वाटा आहेत. मार्च २०२४ मध्ये ठाण्याच्या दादोजी कोंडदेव क्रीडागृहात टेनिस चेंडूची इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीग झाली. गावच्या साध्या खेळाडूला मात्र गावच्या मैदानाशिवाय दुसरी जागा नाही.

तिसरी हरकत मला सर्वांत गंभीर वाटते: ‘क’ गट म्हणजे कपाळावरचा शिक्का. गावात हे बोलणं लागतं, नाकारून चालणार नाही. पण गट जर समितीतल्या चार जणांनी ओळखीपाळखीवरून पाडले तरच तो शिक्का ठरतो. मागच्या हंगामाच्या गुणपुस्तिकेवरून पाडले आणि वर चढायची वाट उघडी ठेवली, तर ती फक्त यंदाची जागा ठरते. मुद्दाम हरून खालीच राहणारे निघतील, हेही गृहीत धरावं. गटविजेत्याला पुढच्या वर्षी वरच्या गटात खेळणं सक्तीचं केलं आणि ‘अ’चं बक्षीस मोठं ठेवलं की त्यात फायदा उरत नाही. अट एकच, गुणपुस्तिका नीट लिहिलेली आणि जपलेली हवी. आज स्पर्धा संपली की ती कुठे जाते हे कुणी विचारत नाही. तेव्हा मंडळांना विनंती आहे: या हंगामाच्या वह्या रद्दीत घालू नका, पुढच्या कापणीनंतर गट त्यांवरूनच पाडा.