नवशिक्षकाचे ऑनलाइन अध्ययनजाल

अध्यापनाचा व्यवसाय माणसांच्या गर्दीत चालतो आणि तरीही तो एकाकी असतो, ही विसंगती शिक्षणाच्या समाजशास्त्रात पूर्वीच नोंदली गेली आहे. डॅन लॉर्टी यांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘स्कूलटीचर’ या ग्रंथात शाळेची रचना परस्परांपासून विलग अशा कप्प्यांची असल्याचे दाखविले. शिक्षक आपल्या कप्प्यात शिरतो, दार लोटतो, आणि शेजारच्या वर्गात काय चालले आहे याचा त्यास क्वचितच पत्ता लागतो. लॉर्टी यांनी आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधले. नवशिक्षक हा वस्तुतः सर्वस्वी नवा नसतो. विद्यार्थिदशेत त्याने हजारो तास शिक्षकांना पाहिलेले असते. परंतु ते पाहणे बाकावर बसून झालेले असते. शिक्षकाने तोच पाठ आज का घेतला, मध्येच उदाहरण का बदलले, कोणता प्रश्न विचारावयाचा टाळला, हे बाकावरून दिसत नाही.

आपल्याकडील द्विशिक्षकी शाळेत हा एकाकीपणा अधिकच जाणवतो. शिक्षणसेवक म्हणून रुजू झालेली एखादी तरुणी पुष्कळदा आपल्या जिल्ह्याबाहेर असते. तिच्याकडे दोन-तीन इयत्ता असतात. आणि सोबतचे गुरुजी मुख्याध्यापकाच्या कागदपत्रांत गुंतलेले असतात. केंद्राची शिक्षण परिषद महिन्यातून एकदा भरते, पण वर्गातील अडचण महिनाभर थांबत नाही. अशा वेळी दूरध्वनीच्या पडद्यावर जोडता येणारे सहव्यावसायिक हाच तिचा खरा आधार ठरण्याचा संभव असतो. अशा संबंधांच्या समूहास प्रस्तुत लेखात ‘ऑनलाइन अध्ययनजाल’ म्हटले आहे. ते शासनाने वा संस्थेने नेमून दिलेले नसते; शिक्षक ते स्वतः विणतो.

या जाळ्याची उपयुक्तता सांगताना मार्क ग्रॅनोव्हेटर यांच्या १९७३ सालच्या निबंधाचा आधार घेतला जातो, आणि तो योग्यच आहे. ओळखीतून नोकरी मिळालेल्या माणसांना त्यांनी विचारले, की ज्याने ही वार्ता दिली त्याची व तुमची त्या सुमारास भेट कितीदा होत असे. वारंवार भेटणाऱ्यांकडून वार्ता मिळालेले केवळ १६.७ टक्के होते. अधूनमधून भेटणाऱ्यांकडून ५५.६ टक्के, आणि क्वचित भेटणाऱ्यांकडून २७.८ टक्के. कारण उघड आहे. निकटच्या माणसांना जे ठाऊक असते ते बहुधा आपणांसही ठाऊक असते. नवी माहिती दूरच्या परिचिताकडून येते. गोंदियातील शिक्षकाने गोंडी भाषक मुलांसाठी केलेला शब्दसंग्रह नंदुरबारच्या शिक्षिकेस भिल्ली भाषक मुलांसाठी वाट दाखवू शकतो, तो याच न्यायाने.

परंतु माहिती मिळणे आणि व्यवसाय शिकणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. जीन लेव्ह व एटिएन वेंगर यांच्या १९९१ सालच्या ग्रंथात हा भेद स्पष्ट करणारी दोन उदाहरणे शेजारीशेजारी आहेत. लायबेरियातील शिंप्यांच्या दुकानात उमेदवार प्रथम गुंड्या लावतो, कडा दुमडतो. मग शिवण, आणि कापड बेतणे सर्वांत शेवटी. काम हलके असले तरी संपूर्ण कपडा कसा घडतो हे त्याच्या डोळ्यांसमोर असते. याउलट, अमेरिकेतील मोठ्या दुकानांतील खाटकांच्या उमेदवारांचा हॅना मीरा मार्शल यांनी १९७२ साली केलेला अभ्यास पाहावा. तेथे उमेदवारास मांसाची पुडकी बांधण्याच्या कामावर अशा ठिकाणी उभे केले जाई, की जाणते कारागीर मांस कसे कापतात हे त्यास दिसतच नसे. त्याच्या हाती येई ती कापून तयार झालेली वस्तू.

आपल्या शिक्षकांचे बहुसंख्य ऑनलाइन गट या दुसऱ्या दुकानासारखे आहेत, असे माझे मत आहे. त्यांत चाचण्या येतात, चित्रफिती येतात, सजविलेल्या वर्गाची छायाचित्रे येतात. सर्व काही बांधून तयार. व्हॉट्सॲपच्या गटात २०२२ पासून १,०२४ सदस्य सामावू शकतात, म्हणजे पुडकी बांधणारे हात वाढले. कापणीचे मेज मात्र भिंतीआडच राहिले.

एक उदाहरण घेऊ. समजा, नवशिक्षिकेने गटात विचारले, ‘वजाबाकीसाठी चांगली कृती सुचवा.’ तिला सायंकाळपर्यंत वीस धारिका मिळतील, आणि त्या उघडून पाहण्यातच रविवार जाईल. आता तिने असे लिहिले असे समजा : ‘तिसरीतील अकरा मुलांपैकी सात मुले ५२ मधून २७ वजा करून ३५ लिहितात. काड्यांचे गठ्ठे दिले की २५ असे बरोबर उत्तर काढतात. पाटीवर पुन्हा ३५.’ या प्रश्नाचे स्वरूपच वेगळे आहे. मुले एककाच्या घरात ७ मधून २ वजा करीत आहेत, हे अनुभवी शिक्षकाच्या चटकन ध्यानी येते. कोणी सुचवील, की गठ्ठा सोडताच, त्याच क्षणी, पाटीवर ५ दशकांचे ४ करावयास लावा; काड्या आधी आणि लेखन मागाहून, असे अंतर ठेवू नका. दुसरा म्हणेल, की आधी केवळ २० काढावयास सांगा. ३२ उरले, अजून ७ काढावयाचे आहेत, तर उत्तर ३५ येईल काय, हे मुलांनाच विचारा. येथे जाणत्याची विचारक्रिया उघडी पडते. शिक्षिकेने तीन दिवसांनी काय घडले ते कळविले, तर सुचविणाराही काही शिकतो.

मग असे प्रश्न गटांत क्वचित का दिसतात? याचे उत्तर शिक्षकांच्या आळसात शोधणे अन्यायाचे होईल. ज्या गटात परिपत्रके येतात, माहिती ‘त्वरित’ मागविली जाते आणि वरिष्ठ अधिकारीही सदस्य असतात, त्या गटात ‘माझ्या सात मुलांना वजाबाकी येत नाही’ हे वाक्य कबुलीजबाबासारखे वाचले जाण्याचे भय असते. शिक्षणसेवकाची पहिली तीन वर्षे तर नियमित नेमणुकीची वाट पाहण्याची असतात. ज्याने सर्वांत अधिक विचारावयास हवे, त्यानेच गप्प राहणे शहाणपणाचे ठरावे, अशी ही व्यवस्था आहे. म्हणून आदेशाचा गट आणि अध्ययनाचा गट हे निराळे ठेवणे, हे नवशिक्षकाने प्रथम करावयाचे काम होय. सहा-सात जणांचा, एकाच इयत्तेचा वा विषयाचा, अधिकारी नसलेला गट पुरेसा होतो. त्यात दोघे तरी दहा-पंधरा वर्षे अध्यापन केलेले असावेत, अन्यथा अज्ञानाचीच देवघेव व्हावयाची. मोठे गट सोडण्याचे कारण नाही. तेथून साहित्य आणावे, माणसे हेरावीत.

अपुरे काम दाखविताना एक मर्यादा पाळलीच पाहिजे. चुकलेल्या वहीचे पान पाठवावे, पण त्यावरील नाव झाकून. मुलाचा चेहरा, आजार, घरची परिस्थिती ही शिक्षकाची मालमत्ता नव्हे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणविषयक केंद्रीय कायद्याने अठरा वर्षांखालील व्यक्तीस बालक मानले असून तिच्या माहितीच्या वापरास पालकांच्या पडताळता येण्याजोग्या संमतीची अट घातली आहे. कायदा नसता तरी, आपल्या मुलाची चूक चाळीस अनोळखी माणसांनी पाहिली हे आईस आवडले नसते.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षकाने दरवर्षी किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत अशी अपेक्षा ठेवली आहे. तासांची गणना प्रमाणपत्रांवरून सहज होते. वरील प्रकारच्या संवादाची होत नाही. या विषयावर प्रबंध लिहू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी म्हणूनच संदेशांची संख्या मोजण्याचा मोह आवरावा. एखाद्या गटाचे तीन महिन्यांचे संभाषण सदस्यांच्या संमतीने घ्यावे आणि त्यात वर्गातील प्रत्यक्ष चुकीवर आधारलेले प्रश्न किती, त्यांपैकी किती प्रश्नांना उत्तरादाखल आधी उलट प्रश्न आला, आणि किती वेळा विचारणारा पुढे काय झाले ते सांगण्यासाठी परत आला, हे पाहावे. यांतील तिसरी संख्या बहुधा सर्वांत लहान निघेल असा माझा अंदाज आहे, आणि तो खोटा ठरल्यास मला आनंदच होईल.