ऊर्ध्वपातन स्तंभाची दाब नियंत्रण झडप
ऊर्ध्वपातन स्तंभाच्या माथ्यावरून निघणाऱ्या बाष्पापैकी संघनकात द्रवरूप न होणारा वायू मोजून बाहेर सोडणारी व त्यायोगे स्तंभातील दाब ठरावीक पातळीवर राखणारी झडप. दाब बदलला की मिश्रणाचा उकळबिंदूही बदलतो. त्यामुळे दाब अस्थिर असल्यास तबकावरील तापमानावरून तेथील मिश्रणाचे संघटन ताडता येत नाही आणि तापमान नियंत्रक नको तेथे दुरुस्ती करू लागतो [⟶ ऊर्ध्वपातन].

झडपेचे आकारमान म्हणजे केवळ तिच्या तोंडाचा व्यास नव्हे. तिची क्षमता प्रवाह गुणांकाने व्यक्त करतात. पूर्ण उघड्या झडपेच्या दोन बाजूंच्या दाबांत १ बार फरक असताना दर तासाला जितके घ. मी. पाणी तीतून वाहते, ती संख्या म्हणजे हा गुणांक होय. वायूला मात्र पाण्याचे सूत्र जसेच्या तसे लावता येत नाही, कारण झडपेतून जाताना तो प्रसरण पावतो. शिवाय बाहेरील निरपेक्ष दाब आतील दाबाच्या साधारणतः निम्म्याखाली गेला की, झडपेच्या अरुंद भागात वायूचा वेग ध्वनिवेगाइतका होतो आणि प्रवाह कुंठित होतो. त्यानंतर बाहेरील दाब कितीही उतरवला, तरी प्रवाह वाढत नाही. चेंडू झडप व फुलपाखरी झडप यांत ही अवस्था आणखी कमी दाबफरकाला येते. अशा वेळी सूत्रात संपूर्ण दाबफरक घातल्यास झडप अपुरी पडते.

उदा., स्तंभमाथ्याचा वायू ५ बार निरपेक्ष दाबाला व ४०° से. तापमानाला असून तो १.५ बार दाबाच्या नळात सोडावयाचा आहे आणि प्रमाण स्थितीतील त्याची घनता १.५ किग्रॅ./घ. मी. आहे, असे मानू. येथे प्रवाह कुंठित असतो. प्रमाण स्थितीत मोजलेल्या ताशी १,००० घ. मी. कमाल प्रवाहाला सु. १७, तर ३०० घ. मी. नेहमीच्या प्रवाहाला सु. ५ गुणांक लागतो. सु. २५ गुणांकाची रेषीय झडप घेतल्यास ती नेहमी २० टक्के व कमाल प्रवाहाला सु. ६८ टक्के उघडी राहील.

नळ १०० मिमी. व्यासाचा आहे म्हणून झडपही तेवढीच बसविण्याचा मोह सर्रास आढळतो. तिचा गुणांक १५० धरला, तर नेहमीच्या प्रवाहाला ती जेमतेम ३ टक्के उघडेल. बैठकीलगत किंचित हालचाल होताच प्रवाह एकदम बदलेल, दाब सतत हेलकावे खाईल आणि बैठकही लवकर झिजेल. सुरक्षिततेसाठी म्हणून घेतलेले जादा आकारमान असे उलट अपायकारकच ठरते.

कमाल प्रवाह ठरविताना उन्हाळ्याचा विचार करावा लागतो. शीतक पाणी तापले की संघनन घटते व वायू वाढतो. कमाल व किमान प्रवाहांतील तफावत फारच मोठी असल्यास एक लहान व एक मोठी अशा दोन झडपा क्रमाने उघडतील अशी योजना करतात. वायू संपृक्त असल्याने झडपेत थंड होऊन त्यातून द्रव सुटू शकतो, म्हणून तिच्यापुढील नळ द्रव साचणार नाही असा उतरता ठेवतात. आणीबाणीत स्तंभाचे रक्षण करणारी सुरक्षा झडप मात्र स्वतंत्रच असावी लागते. तिचे आकारमान ठरविताना नियंत्रण झडपेची क्षमता जमेस धरीत नाहीत.