ययाती : पुन्हा वाचताना



एका गटातल्या ताईंनी निरोप पाठवला होता. एकदा वाचलेलं पुस्तक परत कशाला वाचायचं, गोष्ट तर माहीत असते ना? प्रश्न रास्त आहे. दिवसभर विड्या वळून नाहीतर रानात खुरपून आल्यावर नवं पुस्तक हातात घ्यायला सवड नसते, तिथं जुनं कुठं काढत बसायचं?

पण आपण हे करतच आलोय की. श्रावणात शिवलीलामृताची पोथी लागते. श्रीधरस्वामींनी ती १७१८ साली पुरी केली, आणि ते आपल्याच जिल्ह्यातले, सांगोला तालुक्यातल्या नाझऱ्याचे. दरवर्षी तीच पोथी, तेच अध्याय. त्यात सीमंतिनीची कथा येते. तिचा नवरा यमुनेत बुडतो, नागलोकात जातो आणि पुढं जिवंत परत येतो. लग्नाआधी ऐकली तेव्हा ती नागलोकाची गंमत होती. जिचं कुंकू पुढं गेलं, ती बाई तोच अध्याय ऐकताना खाली मान घालून बसते. पोथीत एक अक्षर बदललेलं नसतं.

कादंबरीचंही असंच होतं. त्यासाठी मी आज घेतली आहे वि. स. खांडेकरांची ‘ययाती’. आपल्यापैकी बऱ्याच जणींनी शाळा-कॉलेजात असताना ती वाचलेली असेल, काहींनी नुसतं नाव ऐकलं असेल. खांडेकर मूळ सांगलीचे. कोकणात शिरोड्याच्या शाळेत बरीच वर्षं मास्तर होते, नंतर कोल्हापूरला आले. ‘ययाती’ १९५९ साली आली. १९६० चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला, आणि १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार खांडेकरांना मिळाला, मराठीतला पहिला.

कथा महाभारतातली. तिच्यात जादू आहे, शाप आहेत, राजवाडा आहे आणि प्रेम तर पानोपानी आहे. राक्षसांचे गुरू शुक्राचार्य यांच्याकडे मेलेल्याला उठवायची संजीवनी विद्या. ती शिकायला देवांकडून कच येतो. गुरूची मुलगी देवयानी त्याच्यावर जीव लावते. राक्षस कचाला मारून जाळतात आणि राख मद्यात मिसळून गुरूलाच पाजतात. गुरू त्याला पोटातून जिवंत बाहेर काढतो. मग कच म्हणतो, तुझ्या बापाच्या पोटातून मी आलो, आता तू माझी बहीण. विद्या घेऊन तो जातो.

पुढं देवयानी आणि राक्षसांच्या राजाची मुलगी शर्मिष्ठा यांचं आंघोळीच्या वेळी कपड्यांवरून भांडण होतं. देवयानी विहिरीत पडते. हस्तिनापूरचा राजा ययाती हात देऊन तिला वर काढतो आणि त्यांचं लग्न होतं. शर्मिष्ठा दासी होऊन तिच्यासोबत सासरी जाते. राजाचं मन शर्मिष्ठेवर जातं, चोरून संबंध येतो, पुरू जन्मतो. शेवटी शुक्राचार्यांच्या शापानं ययाती भर तारुण्यात म्हातारा होतो. सुटायची वाट एकच असते, त्याच्या रक्ताच्या कुणी तरी आपलं तारुण्य द्यायचं. पुरू ते देतो.

सतराव्या-अठराव्या वर्षी हे वाचताना डोळे कुठं असतात? विहिरीवर. राजानं हात दिला, त्या पानावर. चांदण्या रात्री, फुलांचे गजरे, राजाची तगमग. खांडेकरांची भाषाही अशी अलंकारांनी भरलेली, की वाचता वाचता झिंग येते. आता चाळिशीत वाचताना मला ते अलंकार जरा जास्तच वाटले, काही पानं मी भराभर उलटली. आणि पूर्वी जी पानं पटकन उलटत होते, तिथं आता थांबले.

पहिली थांबले अलकेपाशी. राजवाड्यातल्या दासीची मुलगी, सोनेरी केसांची. तरुण ययातीचा तिच्यावर जीव जडतो. राणीला, म्हणजे त्याच्या आईला ते कळतं आणि अलकेला विष दिलं जातं. पहिल्या वाचनात अलका म्हणजे राजाचं पहिलं दुःख. दुसऱ्या वाचनात कळतं, की दुःख राजाचं असलं तरी मेली ती दासीची पोर.

मग शर्मिष्ठा. राजकन्या असून ती दासी का झाली? भांडणाची शिक्षा म्हणून, असं आपण धरून चालतो. खरं कारण राज्याचं आहे. शुक्राचार्य रुसून निघून गेले असते, तर संजीवनी गेली असती आणि लढाईत पडलेले राक्षस उठले नसते. बापाचं राज्य वाचावं म्हणून पोरगी दिली गेली. ज्या घरात कर्जापायी नाहीतर सोयरिकीच्या मानापायी मुलीचा निर्णय झालाय, तिथल्या बाईला हे वेगळं समजावून सांगायला नको. पुढं हीच शर्मिष्ठा तान्हं पोर छातीशी धरून राजवाड्यातून गुपचूप बाहेर पडते.

देवयानीबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. वाचून झालं की सगळे म्हणतात, ती गर्विष्ठ, हट्टी, नवऱ्याला सुख न देणारी. खांडेकरांनीही तिला फारशी माया दाखवलेली नाही. पण मद्याच्याच पेल्यातून तिच्या प्रेमाची राख बापाच्या घशाखाली गेली होती. तिला मद्याचा वास सोसत नाही, यात नवल काय? दारू सोड म्हणणारी बायको घराघरांत अशीच खाष्ट ठरते. कादंबरीत ययाती, देवयानी, शर्मिष्ठा तिघंही आपापल्या तोंडानं बोलतात, ही तिची मोठी जमेची बाजू. म्हणून देवयानीचं प्रकरण संपलं, की तिच्या बाजूनं बोलायला एखादीला उभं करावं.

आता सगळ्यात अवघड जागा. बाप लेकाचं तारुण्य मागतो. महाभारतात तो ते हजार वर्षं वापरतो, खांडेकरांचा ययाती तेवढा वेळ घेत नाही, त्याला लवकर भान येतं. लहानपणी हे सगळं जादूचं वाटतं, असं कुठं असतं का, म्हणून सोडून देतो. पण आपल्या जिल्ह्यातल्या गावांत एक वाक्य सर्रास ऐकू येतं : आज्याचे डोळे मिटायच्या आत नातीचं लग्न बघायचंय. नात नववीत असते. म्हाताऱ्याची एक हौस, आणि तिच्यापायी पोरीची शाळा जाते, पुढची वर्षं जातात. मागणारा प्रेमाचाच असतो, देणारी गुणाची म्हणून वाखाणली जाते. पुरूलाही सगळे गुणाचाच म्हणतात. फरक इतकाच, की पुरूनं स्वतः हो म्हटलं. नववीतल्या पोरीला कुणी विचारत नाही, आणि तिनं मान हलवली तरी अठराच्या आत कायदा ती मान धरत नाही. असं लग्न ठरल्याचं कळलं तर १०९८ या क्रमांकावर फोन करता येतो, पैसे पडत नाहीत.

ही जागा दुसऱ्या एका लेखकालाही टोचली. गिरीश कर्नाड यांनी याच कथेवर कन्नडमध्ये नाटक लिहिलं, १९६१ साली ते छापून आलं. अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडच्या ज्या मैत्रिणींच्या घरी कन्नड बोलतात, त्यांना ते मूळ भाषेत वाचता येईल. त्या नाटकात पुरूचं नुकतंच लग्न झालेलं आहे. त्यानं बापाचं म्हातारपण घेतलं, सगळ्यांनी वाहवा केली, आणि नवी नवरी चित्रलेखा विचारते, मग माझं काय? तिला उत्तर मिळत नाही, ती विष घेते. खांडेकरांच्या कादंबरीत ही सून नाही. दोन्ही पुस्तकं जवळजवळ एकाच काळातली, कथा एकच, पण एकात त्या बाईला जागा आहे आणि एकात नाही.

गटात वाचायची असेल तर सगळी कादंबरी एकदम घेऊ नका, ती जाड आहे. मासिक बैठकीत हिशेब झाल्यावर अर्धा तास पुरे. जिला स्वच्छ वाचता येतं तिनं मोठ्यानं वाचावं, बाकीच्यांनी हातातलं काम करत ऐकावं. शर्मिष्ठेपासून सुरुवात केली तरी चालेल, कथा वर सांगितलीच आहे. पुस्तक तालुक्याच्या वाचनालयात सहसा मिळतं. गावात ‘ड’ वर्गाचं वाचनालय असेल तर तिथल्या कपाटातही बघा, किल्ली कुणाकडं असते ते आधी विचारून ठेवा. आणि जिनं ती मुलगी असताना वाचली होती, तिला शेवटी बोलू द्या. तेव्हा काय आवडलं होतं, ते तिच्याकडून आधी ऐकून घ्या, मग आत्ताचं विचारा.