सोळाव्या वर्षी सातासमुद्रापार

दहावी-बारावीनंतर लाखनीहून नागपूरला शिकायला निघालेल्या मुलाची बॅग भरली जाते, तेव्हा घर दोन दिवस अस्वस्थ असते. अंतर शंभर किलोमीटरच्याही आत. तरी वसतिगृहातला पहिला रमजान आला की आई सहेरीच्या वेळी फोन लावते, ‘उठलास का? काही खाल्लंस का?’ आणि जाणारी मुलगी असेल, तर बॅग भरण्याआधी घरात नातेवाइकांची बैठक बसते. पाठवायचे की नाही, हाच प्रश्न.

दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी मुंबईतील व्यापारी तय्यब अली यांच्यापुढेही हाच प्रश्न होता. मुसलमान समाजात इंग्रजी शिक्षणाकडे संशयाने पाहिले जाण्याचा तो काळ. तय्यब अलींनी मात्र आपल्या मुलांना युरोपात शिकायला धाडले. त्यांतले कमरुद्दीन इंग्लंडमध्ये सॉलिसिटर झाले. त्यांच्या पाठोपाठ १८६० मध्ये धाकटे बद्रुद्दीन लंडनला गेले. वय अवघे पंधरा-सोळा. मदरशात उर्दू-फारसी आणि एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये इंग्रजी, एवढी शिदोरी सोबत होती. सुएझ कालवा तेव्हा खुला झालेला नव्हता. आगबोटीने सुएझपर्यंत, तिथून रेल्वेने इजिप्त ओलांडायचा आणि पुन्हा बोट धरायची, असा तो प्रवास. घरच्या पत्राची वाट आठवडेच्या आठवडे पाहावी लागे.

लंडनच्या विद्यालयात शिकून बद्रुद्दीन मॅट्रिक झाले. १८६३ मध्ये बॅरिस्टरीसाठी त्यांनी मिडल टेंपलमध्ये नाव घातले. सारे सुरळीत चालले असताना डोळे दगा देऊ लागले. १८६४ च्या अखेरीस शिक्षण अर्धवट टाकून त्यांना मुंबईला परतावे लागले. विलायतेला गेलेला मुलगा रिकाम्या हाताने परतला, की गावात काय बोलले जाते, हे लाखनीकरांना वेगळे सांगायला नको. वर्षभराने ते पुन्हा बोटीत बसले. एप्रिल १८६७ मध्ये बॅरिस्टर झाले आणि त्याच वर्षी परत येऊन मुंबई उच्च न्यायालयात वकिली करू लागले. तेथील ते पहिले भारतीय बॅरिस्टर. रमजानमध्ये ज्या सब्राची शिकवण दिली जाते, ती केवळ भूक सोसण्यापुरती नसते. मोडलेले काम पुन्हा हाती घेणे, हाही सब्रच.

पुढचे बद्रुद्दीन तय्यबजी देशाला ठाऊक आहेत. १८७४ मध्ये अंजुमन-ए-इस्लामच्या स्थापनेत ते अग्रभागी होते. १८८७ मध्ये मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनाचे ते अध्यक्ष झाले. या पदावर बसलेले ते पहिले मुसलमान. १८९५ मध्ये ते उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. १८९७ मध्ये लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला गेला. आधीचे जामीन अर्ज फेटाळले गेले होते. अर्ज न्यायमूर्ती तय्यबजींपुढे आला, तेव्हा त्यांनी जामीन दिला. इंग्रजांच्या देशात कायदा शिकलेल्या माणसाने तो कायदा इंग्रज सरकारच्या मर्जीकडे न पाहता वापरला.

पण परदेशाने या मुलाला काय दिले, याचे उत्तर त्यांच्या घरात अधिक स्पष्ट दिसते. मुली पडद्याआड वाढण्याच्या त्या काळात त्यांनी आपल्या मुलींना मुंबईत शाळेत घातले. एवढ्यावर न थांबता १९०४ मध्ये दोन मुलींना इंग्लंडमधील हॅसलमिअर या गावी निवासी शाळेत पाठवले. स्वतः परक्या मुलखात एकट्याने दिवस काढलेला, आजारपणात हात टेकून पुन्हा उभा राहिलेला माणूस होता तो. घरापासून दूर राहण्यातली अडचण त्यांना पुरती माहीत होती. ती माहीत असूनही त्यांनी मुलींना पाठवले. दोनच वर्षांनी, १९०६ मध्ये त्यांचे निधन झाले, तेही लंडनमध्येच.

यंदाही निकालानंतर लाखनीत घरोघरी बैठका बसतील. मुलाच्या वेळी ‘कुठे पाठवायचे’ आणि मुलीच्या वेळी ‘पाठवायचे का’, असे दोन वेगळे प्रश्न विचारले जातील. तय्यबजींच्या घरी मुलगा आणि मुली, दोघांसाठी एकच प्रश्न होता. त्या घराला पत्रासाठी आठवडे थांबावे लागे. आजच्या आईला मुलीलाही सहेरीच्या वेळी फोन लावता येतो.